एकशे अठरा नंबरची जागा

हैदराबादहून परतल्यावर कय्यूम शेख घरी न जाता आधी कब्रस्तानात गेले. बारा दिवस ते लेकीकडे राहिले होते, आणि एवढ्या दिवसांत बायकोच्या, खैरूनच्या कबरीवर जाणं झालं नव्हतं. प्रवासाची बॅग त्यांनी फाटकाजवळच्या खोलीत ठेवली. नळावर हातपाय धुऊन वजू केला आणि सातव्या रांगेकडे निघाले.

खैरूनची कबर एकशे सतरा नंबरची. तिच्या डाव्या अंगाला मोकळी जागा होती. पावसाळ्यात तिथं गुडघाभर गवत वाढायचं आणि कय्यूमभाई ते आपल्या हाताने कापायचे. आज तिथं गवत नव्हतं. ओल्या मातीचा ताजा उंचवटा होता, आणि डोक्याकडे खोचलेल्या लोखंडी पाटीवर पांढऱ्या रंगात ११८ लिहिलेलं होतं.

आपली रांग चुकली असं त्यांना आधी वाटलं. त्यांनी शेजारच्या दगडावरचं खैरूनचं नाव वाचलं. मग पुन्हा उंचवट्याकडे पाहिलं. बराच वेळ ते तिथंच उभे होते. फातिहाची दुआ पढायचं राहूनच गेलं.

कय्यूमभाई चौसष्ट वर्षांचे. कोळशाच्या खाणीतल्या टाइम ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं हजेरीचं काम केलं होतं. निवृत्त झाल्यावर चंद्रपूरच्या इमलीबाग कब्रस्तानाच्या कमिटीने त्यांना फाटकावरच्या नोंदींसाठी ठेवून घेतलं. कोण आलं, कधी दफन झालं, कोणत्या रांगेत, कोणत्या नंबरला, हे सगळं लिहिणं हे त्यांचं काम. खैरून गेली त्याच्या पुढच्या मार्चमध्ये त्यांनी कमिटीला अर्ज दिला होता. साठीच्या वरचा माणूस असेल तर जोडीदाराशेजारची जागा त्याच्या नावाने राखून ठेवायची, असा कमिटीचा जुना रिवाज होता. अर्ज मंजूर झाला. एकशे अठरासमोर ‘राखीव, कय्यूम शेख’ अशी नोंद त्यांनी स्वतः टाइप केली होती. त्या दिवशी घरी जाताना त्यांना हलकं वाटलं होतं. घरी बोलायला कुणी नव्हतं, पण एवढं तरी ठरलं होतं.

कबरी खोदणारे बशीरभाई पत्र्याच्या शेडमध्ये कुदळीचा दांडा बसवत होते. त्यांनी सांगितलं की आठ दिवसांपूर्वी महामार्गावरच्या ट्रक थांब्यावरून एक म्हातारा आणला होता, बेवारस. नववी रांग पावसाने चिखल झालेली, तिथं खोदलं की खड्ड्यात पाणी यायचं. म्हणून ऑफिसला जुन्या रांगांमधली रिकामी जागा विचारली. ऑफिसातून एकशे अठरा सांगितली. कय्यूमभाई गावाला गेलेले, मग विचारणार कुणाला?

कमिटीचं ऑफिस कब्रस्तानाच्या दुसऱ्या टोकाला, रस्त्याच्या बाजूने होतं. तिथं पुनम गेडाम ही सव्वीस वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून कॉम्प्युटरचं काम करायची. शादीखान्याच्या तारखा, अर्ज, दाखले आणि कब्रस्तानाची यादीही. ती कय्यूमभाईंना काका म्हणायची. खैरून गेल्यापासून दुपारी आपला डबा घेऊन फाटकावरच्या खोलीत यायची आणि अर्धी भाजी त्यांच्या ताटात वाढायची.

“पुनम, एकशे अठरा कोणी दिली?”

“मीच सांगितली काका. रिकामी दाखवून राह्यली होती.”

“माझं नाव होतं तिथी.”

तिने यादी उघडून दाखवली. एकशे अठरासमोर आता सुलेमान असं नाव होतं, वय अंदाजे सत्तर, पत्ता माहीत नाही. त्याआधी तिथं काय होतं ते दाखवायला काही उरलं नव्हतं.

“तू पुसलं काय माझं नाव?”

“मी काऊन पुसीन काका?”

“मंग कोण पुसते? इथी दोघंच तं लिहितो आपण.”

पुनमने यादी बंद केली. कय्यूमभाई तिथून सरळ कमिटीचे सदर म्हणजे अध्यक्ष हाजी मुबीन यांच्या दुकानावर गेले. त्या वेळी ते फार रागावलेले होते. मुलगी निष्काळजी आहे, नोंदी पुसते, उद्या कुणाच्या कबरीवर कबर खोदायची पाळी येईल, असं ते बोलले. हाजी मुबीन भिडस्त माणूस. बायकोशेजारची जागा गेलेल्या माणसाला काय सांगणार? त्यांनी पुनमला फोन करून सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगितलं.

सोमवारी ऑफिसात यादी लिहायला कुणीच नव्हतं. म्हणून कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या धम्मदीपला बोलावलं.

धम्मदीप रामटेके याचं बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. वर्षापूर्वी त्यानेच ऑफिसच्या कपाटावर विटेएवढा काळा डबा ठेवून दिला होता. यादीची फाइल त्या डब्यात, आणि ऑफिसचा व फाटकावरचा असे दोन्ही कॉम्प्युटर तिथूनच ती उघडणार, अशी सोय. आधी यादी पेनड्राइव्हवर इकडून तिकडे न्यावी लागायची, ते संपलं होतं. कागदाचं रजिस्टरही तेव्हाच बंद झालं.

“धम्मदीप, माझी नोंद कुठी गेली, एवढं सांग,” कय्यूमभाई म्हणाले.

“पाहू भाऊ. डबा रोज एकदा फाइलची नक्कल काढून ठेवते. वर्षभराच्या नकला असतीन त्याच्यात.”

तो एकेक तारीख उघडत गेला. कय्यूमभाई शेजारी खुर्ची ओढून बसले. तेरा मार्चच्या नकलेत नोंद सापडली. ‘राखीव, कय्यूम शेख.’ चौदा मार्चच्या नकलेत तीच ओळ कोरी होती.

“चौदाले काय झालं?”

“पूर्ण फाइलच बदलली भाऊ. कोणी एक ओळ पुसली नाई. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बारा तारखेची जुनी फाइल होती, ते आणून डब्यातल्या फाइलवर टाकली. तेरा तारखेचं सगळं गेलं.”

“म्हणजे पुनमनंच केलं.”

“तिनं केलं. पण हे पाहा.” धम्मदीप पुढच्या तारखा उघडू लागला. “एप्रिलमध्ये दोनदा, मेमध्ये एकदा, जूनमध्ये तीनदा. हे फाटकावरच्या कॉम्प्युटरवरून झालं आहे. तिथी तं तुमीच बसता ना?”

कय्यूमभाईंना तेव्हा सगळं आठवलं. पुनम जेवायला उठली की फाइल तशीच उघडी सोडायची. मग फाटकावरच्या कॉम्प्युटरवर यायचं की फाइल दुसऱ्याकडे उघडी आहे, फक्त वाचता येईल. बाहेर मय्यत घेऊन आलेली माणसं उभी असायची. एक दिवस त्यांनी युक्ती काढली. फाइलची नक्कल आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायची, त्यात निवांत लिहायचं आणि नंतर ती डब्यातल्या फाइलवर ठेवायची. कॉम्प्युटर विचारायचा, जुनी काढून नवी ठेवू का? ते हो म्हणायचे. या युक्तीचं त्यांना कौतुक वाटलं होतं. इतकं की दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुनमलाही ती शिकवली. ती म्हणाली होती, “काका, गडबड तं नाई होणार ना?” आणि ते म्हणाले होते, “एकतीस साल हजेरी लिहिली बेटा मी.”

“आपण नक्कल घेतल्यावर दुसऱ्यानं तिकडं काही लिहिलं असन, तं ते आपल्या फाइलीत येत नाई भाऊ,” धम्मदीप म्हणाला. “आपण वरून आपली ठेवली का त्याचं लिहिलेलं खतम. फाइल अडवून राह्यली होती, ते याच्यासाठीच अडवत होती.”

“मले वाटलं, बिघडली आहे.”

“सगळ्यायलेच वाटते.”

कय्यूमभाई फाटकावरच्या खोलीत जाऊन बसले. दुपारी डबा खायला कुणी येणार नव्हतं. त्यांनी सकाळची पोळी चहात बुडवून खाल्ली आणि कप विसळून ठेवला. संध्याकाळी आफ्रीनचा, लेकीचा, हैदराबादहून फोन आला. ती रोजच्यासारखं जेवलात का विचारत होती. एकशे अठराबद्दल त्यांनी तिला काही सांगितलं नाही.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर कमिटीची बैठक होती. कय्यूमभाई उठून उभे राहिले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. युक्ती आपली होती, मुलीला ती आपणच शिकवली, आणि डब्यातली यादी आपल्या हातून सहा वेळा पुसली गेली. हाजी मुबीन म्हणाले की राहू द्या, जे झालं ते झालं, या वयात स्वतःची बदनामी कशाला करून घेता. कय्यूमभाई म्हणाले की बैठकीच्या वहीत लिहून घ्या आणि पुनमला परत बोलवा. वहीत लिहिलं गेलं. कुणी त्यांना रागावलं नाही. बैठक संपल्यावर लोक दोघा-तिघांनी बोलत बाहेर पडले. त्यांच्यासोबत फाटकापर्यंत मात्र कुणी आलं नाही.

ते बाबूपेठेत पुनमच्या घरी गेले. तिच्या आईने खुर्ची आणि पाणी दिलं. पुनम दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“चूक माझी होती बेटा. कमिटीत सांगून आलो.”

“मले माहीत होतं काका. त्याच दिवशी आठवलं होतं मले.”

“मंग बोलली काऊन नाई?”

“तुमी काकूच्या कबरीजवळून उठून आले होते. तुमचं तोंड पाहून मी काय बोलीन?”

पाण्याचा पेला कय्यूमभाईंनी रिकामा करून खाली ठेवला.

“सोमवारपासून ये,” ते म्हणाले.

“येतो. घरी पगार लागते.”

ती आली. पहिल्यासारखं नमस्ते काका म्हणाली, मन लावून कामालाही लागली. फक्त दुपारी तिने जेवणाचा डबा ऑफिसातच उघडला. दुसऱ्या दिवशीही, आणि नंतर रोजच.

धम्मदीपने तीन दिवस लावून मांडणी बदलली. दोन कॉम्प्युटरच्या मधे हवेतून चालणारं वायफायचं जोडणं त्याने काढून टाकलं आणि भिंतीकडेने नळीतून वायर ओढली, कारण लिहिता लिहिता जोडणं तुटलं तर फाइल खराब होते, असं त्याचं म्हणणं होतं. नोंदींची यादी तेवढी डब्यात ठेवली आणि लिहायचा फॉर्म दोघांच्या कॉम्प्युटरवर वेगळा दिला. आता दोघं एकाच वेळी लिहू शकत होते. एक माणूस ज्या ओळीवर असेल तेवढीच ओळ दुसऱ्यासाठी बंद राहायची.

“आणि मी पुन्हा तसंच केलं तं?” कय्यूमभाईंनी विचारलं.

“करताच येणार नाई. फाइल काढायचा, बदलायचा हक्क तुमच्या दोघांच्याही नावावरून काढला. आणि नुसत्या डब्यावर भरोसा नोका ठेवू भाऊ. डबाच जळला तं? दर शुक्रवारी एक नक्कल या दुसऱ्या डिस्कवर काढायची आणि ते डिस्क हाजीसायबाच्या घरी ठेवायची.”

कय्यूमभाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. कागदाचं रजिस्टरही त्यांनी पुन्हा सुरू केलं.

मग हरवलेल्या नोंदी शोधायचं काम निघालं. ते घाईचं होतं. नववी रांग वाळायला लागली होती, आणि पावसाने बसलेल्या कबरी आता सपाट जमिनीसारख्या दिसत होत्या. पाट्यांवरचा रंग धुऊन गेला होता. यादीत जी जागा रिकामी तिथं बशीरभाईंची कुदळ पडणार. दफनासाठी येणारे मृत्यूचे कागद एका फाइलीत लावलेले होते. कय्यूमभाईंनी एकेक कागद यादीशी ताडून पाहिला. अकरा माणसं यादीत नव्हती. नऊ नोंदी धम्मदीपच्या जुन्या नकलांमधून परत मिळाल्या. दोन मिळाल्या नाहीत. ज्या दिवशी लिहिल्या त्याच दिवशी त्या पुसल्या गेल्या होत्या आणि डब्याला नक्कल काढायची संधीच मिळाली नव्हती.

त्यातली एक म्हातारी याच वॉर्डातली. तिच्या नातवाने, दानिशने, येऊन पाच मिनिटांत जागा दाखवली. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं, रज्जाक, गादीवाले, वय अठ्ठावन्न, राहणार चामोर्शी. तारीख जूनमधली. कागदावर फोन नंबर नव्हता, आणि जागा बशीरभाईंनाही आठवेना.

कय्यूमभाई सकाळच्या बसने निघाले. मूल गावापर्यंत बस भरलेली होती, पुढे रिकामी झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान पिवळा पडला होता आणि बांध्यांमध्ये कापणी चालू होती. हरणघाटाच्या पुलावरून वैनगंगा ओलांडताना त्यांच्या लक्षात आलं की निकाहानंतर खैरूनला ते याच वाटेने तिच्या मामाकडे घेऊन आले होते. शेजारच्या बाकावर एक बाई शेंगा सोलत होती. तिला हे सांगावंसं त्यांना वाटलं, पण ते बोलले नाहीत.

चामोर्शीत गादीवाल्याचं घर लगेच सापडलं. दुकानाचं फळकूट बंद होतं. मागच्या खोलीत रज्जाकची मोठी बहीण हमीदा एकटीच राहत होती. सत्तरीच्या आसपासची, गुडघ्यांनी अधू. कब्रस्तानातून आलो म्हटल्यावर ती भिंत धरून उभी राहिली.

“काय झालं माझ्या भावाले?”

“काही नाई आपा. त्यांची कबर कोणत्या जागेवर आहे, तेवढं विचारायले आलो. आमच्याकडची नोंद हरवली.”

हमीदा खाली बसली.

“मले काय माहीत? मी तं पाहिलीच नाई. मी तुमालेच विचारणार होतो, तो कुठी आहे म्हणून.”

कय्यूमभाई उंबऱ्यावर बसले. नोंद कशी हरवली आणि कुणाच्या हातून हरवली हे त्यांनी तिला सांगितलं. ती ऐकत होती. फाइल, डबा तिला कळलं नसावं. शेवटी तिने एवढंच विचारलं, “म्हणजे जागा आहे, लिहिलेलं नाई?”

“हो.”

“मंग बिरजूले विचारू. त्यानंच नेलं होतं.”

बिरजू मडावी गल्लीच्या तोंडाशी राहायचा, ब्रह्मपुरीपर्यंत जीप चालवायचा. जूनमध्ये रज्जाकला रक्ताची उलटी झाली तेव्हा त्यानेच जीपमध्ये घालून चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. दुसऱ्या दिवशी रज्जाक वारला. ऊन भयंकर, आणायला माणसं नाहीत, म्हणून हमीदाने फोनवर सांगितलं की तिथंच माती द्या. बिरजू दुपारी जेवायला घरी आला तेव्हा हमीदाने त्याला हाक मारली.

“जागा सांगता येते मले,” बिरजू म्हणाला. “मागच्या भिंतीले एक तुटका नळ आहे ना? तिथी मी हात धुतले. नळापासून सरळ आलं का निळ्या फरशीची एक कबर लागते. ते सोडून दुसरी. मी चप्पल त्या निळ्या फरशीजवळ काढली होती, म्हणून ध्यानात आहे.”

“तुमी माती देताना आत होते?”

“मंग? खांदा द्याले चौथा माणूसच नव्हता. तुमचे ते खोदणारे भाऊ म्हणे, ये बाबा.”

हमीदाने कय्यूमभाईंना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. भात, वरण आणि वाळल्या मासोळीची भाजी होती. तीही ताट घेऊन समोर बसली. तिने दोनदा भात वाढला आणि त्यांनी दोन्ही वेळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बशीरभाईंना घेऊन ते नवव्या रांगेत जागा शोधायला गेले. तुटका नळ होता, निळ्या फरशीची कबरही होती. एक सोडून दुसरी जागा दोनशे चार नंबरची निघाली. बशीरभाईंनाही मग आठवलं, बरोबर, जीपवाला पोरगा होता. कय्यूमभाईंनी पाटी नव्याने रंगवली, मोबाइलवर फोटो काढला आणि बिरजूला पाठवला. मग खोलीत येऊन नोंद टाकली, आधी रजिस्टरमध्ये, नंतर कॉम्प्युटरवर.

तासाभरात बिरजूच्या फोनवरून हमीदा बोलत होती.

“पाहिला जी फोटो. बिरजूनं मोठा करून दाखवला. त्याच्या बाजूले कोण आहे?”

कय्यूमभाईंनी यादी उघडली. “उजवीकडे गफूर चाचा, सायकल दुरुस्तीवाले. डावीकडे एक मास्तरीण होत्या, जैनबबी. बेचाळीस साल शाळेत शिकवलं त्यांनी.”

“बरी माणसं आहेत मंग.”

“बरी आहेत.”

“तुमचं कोणी आहे काय तिथी?”

“बायको आहे. सातव्या रांगेत.”

“तिच्या बाजूले?”

कय्यूमभाईंनी सातवी रांग काढली. एकशे अठराची ओळ त्या दिवसानंतर त्यांनी उघडली नव्हती.

“सुलेमान नावाचे एक जण आहेत,” ते म्हणाले. “सत्तरीचे. त्यांचं कोणी नाई.”

“तुमी जाता तं दोघायलेही सलाम करत जा,” हमीदा म्हणाली. मग बिरजूला बाहेर जायचं होतं म्हणून तिने फोन ठेवला.

दुपारी हाजी मुबीन स्वतः फाटकावर आले. आठव्या रांगेत एक चांगली जागा निघते, सावलीची, तुमच्या नावाने लिहून ठेवू का, असं त्यांनी विचारलं. कय्यूमभाई नको म्हणाले. मी जाईन त्या दिवशी जी रिकामी असेल ती द्या. हाजीसाहेब बसले, चहा घेतला आणि गेले.

असरची नमाज झाल्यावर कय्यूमभाई सातव्या रांगेत गेले. खैरूनच्या कबरीवरची वाळकी पानं त्यांनी काढली. एकशे अठराची माती एका बाजूने खचली होती. त्यांनी ती हाताने सारखी केली आणि दोन्ही कबरींच्या पायथ्याशी उभं राहून फातिहा पढला. परत येताना ऑफिसात दिवा लागलेला दिसला. पुनम अजून काम करत होती. ते दारापर्यंत गेले, आतून टाइप करण्याचा आवाज ऐकला आणि तसेच घराकडे वळले.